मागे सरायला जागा कुठे आहे?

पालकांनी मुलांच्या मागे मागे फिरणं थांबवावं, त्यांना पडू द्यावं, चुकू द्यावं, म्हणजे ती खमकी होतील, हा सल्ला आता इतका रुळला आहे की तो न देणारा समुपदेशक शोधावा लागेल. सल्ला बरोबर आहे. पत्ता चुकलाय. दर वेळी तो एकेकट्या आईबापाच्या दारात टाकला जातो, जणू त्यांनी मनावर घेतलं की झालं. मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हे पालक रोज भेटतात. माझं म्हणणं असं आहे की त्यांचा अतिरेक बराचसा आपण सगळ्यांनी मिळून उभ्या केलेल्या व्यवस्थेतून आलाय. स्वभावाचा भाग त्यानंतर येतो. व्यवस्थेला हात न लावता स्वभाव बदला म्हणणं सोयीचं असतं, कारण त्यात बाकी कुणाला काहीच करावं लागत नाही.

अतिरेक खरा आहे, हे आधी मान्य करू. बऱ्यापैकी फी घेणाऱ्या कुठल्याही शाळेच्या फाटकाशी, सुरक्षारक्षकाच्या केबिनबाहेर एक टेबल असतं. शाळा भरून तासभर झाला की ते भरायला लागतं. डबे, पाण्याच्या बाटल्या, चित्रकलेची वही, पीटीचे पांढरे बूट, कंपासपेटी. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव, इयत्ता, तुकडी. एखाद्या डब्यावर लाल पेनानं ‘मधल्या सुट्टीच्या आधी द्या’. काही वस्तू आई आणून देते, काही आजोबा, आणि अलीकडे पार्सल पोचवणारा मुलगा डोक्यावरचं हेल्मेट न काढता ठेवून जातो. मग मावशी वर्गावर्गांत वाटत फिरतात. मूल मान वर न करता वस्तू घेतं, कारण ती येणारच होती.

यात एका दिवसापुरतं काही वावगं नाही. पण विसरण्याचा जो बारीकसा भुर्दंड असतो, तो परस्पर भरला जातो. शेजारच्याची पट्टी मागायची, बाईंसमोर उभं राहून ‘वही विसरले’ असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, डबा नाही म्हणून तिघांच्या डब्यांतला एकेक घास खायचा. यातली शेवटची गोष्ट तर शिक्षा म्हणण्यासारखीही नाही, वर्गातली सगळ्यांत मजेची जेवणं अशीच होतात. रात्री साडेनऊला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या नक्की काय आणायचंय? प्लीज कोणीतरी गणिताच्या पानाचा फोटो टाका’ असं आईबाबा विचारत असतात. सातवीतला मुलगा तेव्हा झोपलेला असतो. गृहपाठ कुणाचा आहे, हा प्रश्न त्या ग्रुपवर कुणी विचारत नाही.

दिवाळीतला किल्ला घ्या. विटा, दगड, पोती, शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली माती, चार घरची पोरं आणि त्यांची भांडणं. बुरूज पहिल्या दिवशी ढासळतोच, अळीव एका उतारावर उगवतं आणि दुसऱ्यावर उगवत नाही, महाराजांना ठेवायला जी सपाट जागा केलेली असते ती नेमकी मांजर बळकावतं. आता गृहसंकुलांत किल्ल्यांच्या स्पर्धा असतात, परीक्षक असतात, म्हणून वडील रजा काढून बसतात. कारंजं मोटरवर चालतं, तोफेच्या तोंडात लाल दिवा लागतो. मुलगा शेजारी उभा राहून माहिती सांगतो, तीही पाठ केलेली. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी बाजारात तयार किल्ला मिळतो. ढासळणारा बुरूज पोरांना जे शिकवतो ते त्यात नसतं. आणि मग तेच शिकवायला मे महिन्यात तंबू, दोर आणि ‘लीडरशिप’ अशी तिहेरी जोड असलेलं शिबिर लागतं, ज्याचा फॉर्मही आई भरते.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पालकसभेत हे बोललं की समोरचे पालक हसतात, माना डोलावतात, एकमेकांकडे बघतात. त्यांना हे कळत नाही असं नाहीच. कळण्याचा प्रश्न असता तर आपल्याकडे तो शंभर वर्षांपूर्वी सुटला असता.

मारिया माँटेसोरी यांचं पहिलं ‘बालगृह’ ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत सुरू झालं. ते सुरू होण्याचं कारण मोठं गमतीचं आहे. आईबाप दिवसभर कामाला जायचे, मागे राहिलेली पोरं नव्या इमारतींचे जिने आणि भिंती खराब करायची, म्हणून इमारतींच्या मालक संस्थेनंच त्यांची सोय करायची ठरवली. अशा, मागे कुणीही न फिरणाऱ्या मुलांकडे पाहून माँटेसोरींनी आपली पद्धत उभी केली. मुलांच्या हातात त्यांनी खऱ्या काचेचे पेले आणि चिनी मातीच्या बशा दिल्या. आपटलं की फुटतं, हे सांगायला मग बाई लागत नाहीत. हा विचार आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आणला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणावर गेली. मुलाचं काम आणि जबाबदारी काढून न घेता त्याला शिकवायचं, हा त्यातला मुद्दा होता. आज माँटेसोरींचं नाव प्रत्येक गल्लीतल्या बंगल्यावर रंगवलेलं दिसतं. आत पेले प्लास्टिकचे असतात, आणि बाहेर पालक मोबाइलवर वर्गातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहत असतात.

म्हणजे विचार होता, तो आपलाही झाला होता. मग हे का झालं?

सगळ्यांत साधं उत्तर रस्त्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या नियमांनी शाळा कुठे असावी ते सांगितलं आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. सात वर्षांचं मूल एक किलोमीटर वीस मिनिटांत चालतं, तेही वाटेत कुत्र्याच्या पिल्लाशी थांबून. पण ज्या घरांत हे सल्ले वाचले जातात त्या घरांनी जवळची शाळा केव्हाच सोडली. बोर्ड, इंग्रजी, पोहण्याचा तलाव, ‘पीअर ग्रुप’ अशी कारणं असतात आणि शाळा असते शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग सकाळी पावणेसातला व्हॅनचा हॉर्न. एकाच इमारतीतली सहा मुलं सहा दिशांना जातात. वर्गातली जिवलग मैत्रीण नऊ किलोमीटरवर राहते, तिच्याकडे खेळायला जायचं तर दोन आया फोनवर वेळ ठरवतात. शाळेत भांडण झालं तर संध्याकाळी जिन्यात बसून ते मिटवायची सोय नाही. ते घरी येतं, आईच्या कानावर जातं, तिथून दुसऱ्या आईच्या फोनवर जातं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर येतं. आई भोचक आहे म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. मुलांची भांडणं मिटायला मुलांच्या हाताशी जी जागा आणि वेळ लागते, ती आम्ही मोठ्यांनी शाळा निवडतानाच घालवलेली असते.

आणि समजा शाळा जवळ घेतली. पदपथावर दुचाक्या, केळ्यांची गाडी, विजेचा डीपी आणि उघडं चेंबर. पुणे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आज त्याच शहरात दहा वर्षांच्या मुलाला सायकलवर शाळेत पाठवणाऱ्या आईला शेजारीण वेड्यात काढेल, आणि शेजारणीचं अगदीच चूक नसेल. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतले सुमारे ३३ हजार पायी चालणारे होते. अशा रस्त्यावर ‘सोडा त्याला एकट्याला’ म्हणणाऱ्या समुपदेशकानं आधी स्वतः तो चौक पार करून दाखवावा.

इंग्लंडमध्ये हे आधी घडून गेलंय. संशोधक मेयर हिलमन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९० मध्ये इंग्लंडमधल्या मुलांची १९७१ शी तुलना केली. सात-आठ वर्षांची मुलं १९७१ मध्ये शंभरातली ऐंशी मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये नऊ. याच काळात तिथे रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली आणि सरकार म्हणू लागलं की रस्ते सुरक्षित झाले. हिलमन यांनी विचारलं, रस्ते सुरक्षित झाले की मुलं रस्त्यावरून उचलली गेली? वाहनं तर वाढलेलीच होती. किंमत मात्र मोजली ती मुलांनी, घरात बसून.

नेदरलँड्सनं दुसरा रस्ता धरला. तिथे १९७१ मध्ये चारशेहून अधिक मुलं वाहनांखाली मेली. मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानं ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप, मुलं, सायकली घेऊन लोक रस्त्यांवर बसले. वस्तीतल्या गल्ल्यांत गाडीनं पाहुण्यासारखं, चालणाऱ्याच्या वेगानं जायचं असा नियम झाला, सायकलीचे वेगळे मार्ग झाले, आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची रस्त्यावर सायकल चालवायची परीक्षाही घेतली जाते. आज डच मुलं दहाव्या-अकराव्या वर्षी एकटी सायकलवर शाळेत जातात, आणि आपण म्हणतो, काय धीराचे पालक! धीर त्यांनी मोटारींशी भांडताना दाखवला. मुलांना सोडताना त्यांना फारसा धीर लागला नाही, कारण तोवर रस्त्यावर पडणं महाग राहिलं नव्हतं.

मला वाटतं, या सगळ्या चर्चेत आपण ‘धोका’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो आणि घोळ घालतो. पडण्याची शक्यता ही एक आणि पडल्यावर मोजावी लागणारी किंमत ही दुसरी. अतिकाळजी करणारा पालक शक्यता शून्यावर आणायला बघतो. ‘आम्ही असेच वाढलो’ म्हणणारा काका किंमतीकडे बघतच नाही. मुलांना पडायची भरपूर मुभा आणि पडल्यावर स्वस्तात सुटका, ही सोय करणं मोठ्यांचं काम आहे, आणि त्यातलं फार थोडं एका घराच्या हातात असतं.

परीक्षांकडे या नजरेनं बघा. २०१५ पासून राज्य मंडळानं दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये घ्यायला सुरुवात केली. त्याआधी मार्चमध्ये नापास झालेला मुलगा ऑक्टोबरला बसायचा, तोवर अकरावीचं वर्ष गेलेलं असायचं. परीक्षा तशीच राहिली, नापासही होता येत होतं, फक्त नापास होण्याची किंमत वर्षावरून दोन-तीन महिन्यांवर आली. त्या वर्षी या निर्णयावर ‘मुलांना लाडावून ठेवताय’ अशी टीका झाल्याचं मला आठवतं. मला तो निर्णय मुलांना खंबीर करणाऱ्या शंभर व्याख्यानांहून मोलाचा वाटतो. याच्या उलट वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा. २०२४ मध्ये २४ लाखांच्या आसपास मुलांनी नोंदणी केली, एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून एक लाखाच्या थोड्या वर, त्यांतल्या परवडणाऱ्या फीच्या सरकारी जागा आणखी कमी. वर्षातून एकदा, एका दुपारी, तीन-साडेतीन तास. लातुरात जाऊन पाहा. नांदेड, परभणी, बीडकडून आलेल्या आया दोन-दोन वर्षं एका खोलीत संसार मांडून राहतात. मुलगी क्लासवरून येईपर्यंत भाकरी गरम, कपडे धुतलेले, पाण्याची बाटली भरलेली. तिकडे गावात नवरा आणि धाकटा हातानं करून खातात. त्या आईला जाऊन ‘जरा मागे सरा’ म्हणायची माझी छाती नाही. तिचं गणित चोख आहे. मथियास डोएप्के आणि फाब्रिझिओ झिलिबोट्टी या अर्थशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या देशांची तुलना करून हेच दाखवलं आहे, की जिथे विषमता जास्त, तिथे आईबाप मुलांना जास्त रेटतात आणि जास्त राखतात. शर्यतीत मागे पडलेल्याला काय मिळतं यावर पालकाची पकड किती घट्ट होणार ते ठरतं. स्वीडनमधली आई ढिली असते, कारण तिच्या मुलाला सुतार होऊनही बरं जगता येतं.

पाचवी आणि आठवीत पुन्हा नापास करायला सुरुवात झाली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या अनेकांनी ‘आता पोरं जरा टणक होतील’ म्हणून आनंद व्यक्त केला. २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना तशी मुभा दिली, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलले, केंद्रानं डिसेंबर २०२४ मध्ये. या आनंदातली गंमत अशी की पाचवीत नापास होणारी मुलं या ओळखीतल्यांच्या घरची नसतातच. ती वीटभट्टीवरची, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली, मधले चार महिने वर्गात न दिसलेली असतात. दोन महिन्यांत फेरपरीक्षा आहे हे ठीक, पण दहा वर्षांच्या मुलाचं वर्ष घेणं हा स्वस्तातला धडा नव्हे. त्या मुलांना कुणी जपून ठेवलेलं नाही. त्यांना कुणीतरी जपायला हवं होतं.

म्हणूनच खंबीरपणाच्या या बोलण्यात गरिबीचं कौतुक मिसळलं की मी सावध होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईंची नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन भात टाकते, आणि आपण तिचा फोटो काढून लिहितो, ‘याला म्हणतात संस्कार’. मागे सरायला तिच्या मागे कुणी नाहीच. तिची एक चूक म्हणजे भाजलेला हात. आपल्या मुलीनं मात्र गॅसजवळ जायचं नाही, कारण आपल्याकडे बाई आहेत. तेराव्या वर्षी स्वतःपुरता कुकर लावता येणं आणि नवव्या वर्षी घर चालवावं लागणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

‘आमच्या वेळी’ हा तिसरा राग, तोही मला गाता येत नाही. त्या वेळी मुलं मोकळी होती याचं एक कारण घरात पाच-सहा होती आणि आई चुलीपाशी होती. विहिरीत बुडलेली, शाळेतून गळालेली, मास्तरांच्या छडीनं शाळेचं नाव टाकलेली पोरं आठवणींच्या लेखांत येत नाहीत, कारण लेख लिहायला ती उरली नाहीत किंवा शिकली नाहीत. शिवाय ‘मुलं’ म्हणजे मुलगे. भावाला सायकल, बहिणीला ‘कुठे चाललीस?’. तो प्रश्न अजूनही तिलाच जास्त विचारला जातो.

आणि इथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत ने-आण करायला एसटीच्या निळ्या बस सुरू झाल्या. आठवी ते बारावीतल्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची मोफत पासाची योजना तर त्याहून जुनी. या योजनांतल्या बस वेळेवर येतात असा माझा दावा नाही. पण मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीवरची नववीतली मुलगी मैत्रिणींबरोबर चार किलोमीटर सायकल मारत शाळेत जाते, पंक्चर झाली तर वाटेत उतरून चालते, एसटी चुकली तर कंडक्टरशी हुज्जत घालते आणि पुढच्या गाडीनं येते. तिच्याच वयाची शहरातली मुलगी, जिला घरचे लाखभर रुपये फी भरून ‘स्वतंत्र विचारांची’ करू पाहतात, रिक्षा थांबवून ‘किती घेणार?’ विचारायला कचरते. त्या वाडीवरच्या मुलीच्या आईबापांनी पालकत्वावरचं काही वाचलेलं नसतं. तिला सोडणं त्यांना शक्य झालं, कारण सायकल होती, बस होती, आणि बरोबर आणखी दहा मुली होत्या.

आता सुरक्षिततेचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जो लैंगिक अत्याचार झाला त्यानंतर आमच्याकडच्या पालकांचे चेहरे मी पाहिलेत. त्या भीतीला ‘अतिरेक’ म्हणणं क्रूरपणाचं होईल. पण त्या घटनेतलं एक वास्तव नीट पाहायला हवं. ते रस्त्यावर घडलं नाही. सोडलेल्या, फिरणाऱ्या, एकट्या मुलींबाबत घडलं नाही. चार वर्षांच्या मुली होत्या, शाळेच्या आवारात, शाळेच्या नोकराच्या ताब्यात. त्या वयाच्या मुलांकडून कसलीच अपेक्षा करता येत नाही. ती जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांची आणि तिथे ती मोडून पडली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बालकांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, क्लासचे सर, व्हॅनवाला. आणि आपण मुलांना राखतो ते अनोळखी रस्त्यापासून, दहा दुकानदार बघत असतात त्या चौकापासून; सोपवतो मात्र बंद दारांआडच्या ओळखीच्यांकडे. थोड्या मोठ्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट खरी आहे. ज्या मुलाला आठ-दहा वर्षं ‘मोठ्यांचं ऐकायचं’ एवढंच शिकवलं, ज्याच्या वतीनं डॉक्टरांपासून वेटरपर्यंत सगळ्यांशी आईच बोलली, त्याला ऐन वेळी एका मोठ्या माणसाला ‘नको’ म्हणता येईल ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

शाळांनाही मी सोडणार नाही, माझं घर तिथेच असलं तरी. आम्हीच पालकांना ॲपवर रोजचा गृहपाठ पाठवतो आणि मग तक्रार करतो की मुलं टिपून घेत नाहीत. प्रकल्पाला गुण देताना मुलानं केलेल्या वाकड्यातिकड्या तक्त्यापेक्षा बाबांनी छापून आणलेल्या फलकाला जास्त देतो. मधल्या सुट्टीत धावू नका, झाडावर चढू नका, मैदानावर ‘सर नसताना’ जाऊ नका. कारण एक मूल पडलं की दुसऱ्या दिवशी कचेरीत वकिलाची भाषा येते. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं रोज स्वतःचा वर्ग झाडतात, जेवण वाढतात, हे आपल्याकडे भाषणांत नेहमी येतं. तसं इथे सुरू करायचं म्हटलं की दोन बाजूंनी अडतं. एक बाजू म्हणते, ‘आम्ही काय झाडू मारायला फी भरतो?’ तिचं उत्तर सोपं आहे. दुसरी बाजू काही बोलत नाही, तिला फक्त आठवतं, की आपल्या शाळांत झाडू कुणाच्या पोरांच्या हातात दिला जायचा. तिच्यासाठी झाडण्याच्या पाळ्यांचा कागद भिंतीवर लागला पाहिजे, हजेरीच्या क्रमानं, मुख्याध्यापकांच्या लेकीसकट.

घरांनी काय करायचं? ते मी थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना ठाऊकच आहे. विसरलेली वही नेऊन देऊ नका. शिक्षकांशी बोलायचं ते आधी मुलाला बोलू द्या, तुम्ही दुसऱ्या खेपेला या. सहावीनंतर वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडा. सगळ्यांनी एकाच दिवशी सोडला तर कुणालाच मागे पडल्यासारखं वाटणार नाही. मुलांच्या भांडणात संध्याकाळचे सात वाजेपर्यंत पडू नका. मात्र मूल जेवत नसेल, झोपत नसेल, बोलायचं थांबलं असेल तर हे सगळे सल्ले बाजूला ठेवा आणि जवळ जा. दर वर्षी देशात १३ हजारांच्या आसपास विद्यार्थी आत्महत्या करतात, त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि ‘हल्लीची पोरं नाजूक’ हे त्या आकड्याचं स्पष्टीकरण म्हणून ऐकलं की माझा संताप होतो. मागे सरणं हे रोजच्या बारीकसारीक गोष्टींपुरतं आहे.

एकट्यानं मागे सरणारा पालक आपल्याकडे लगेच ‘निष्काळजी’ ठरतो, हे खरं दुखणं आहे. म्हणून हे घोळक्यानं करायला हवं, आणि घोळका गृहसंकुलात तयारच असतो. चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, हा राज्याचा नियम आहे. ती जागा सोडलेली असतेही. तिच्यावर हिरवळ असते, हिरवळीवर पाटी असते, ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून’. काच फुटल्यावर कुणी भरून द्यायची यावर सर्वसाधारण सभेत तासभर वाद होतो आणि शेवटी पाटी लागते. त्याऐवजी देखभाल निधीतून वर्षाला चार काचांची तरतूद करा. काच फोडणाऱ्यानं त्या घरी स्वतः जाऊन सांगायचं, एवढीच अट.

आणि महापालिकेकडे एक मागणी. पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते, लक्ष्मी रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद असतो, लोक हौसेनं रस्त्याच्या मधोमध फोटो काढतात. वर्षातून एकदा एक रस्ता बंद ठेवता येतो, तर शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास शाळेपुढचा रस्ता का नाही? लंडन आणि पॅरिसमध्ये शेकडो शाळांपुढे हे चाललंय. दोन लोखंडी अडथळे, एक वाहतूक स्वयंसेवक, आणि चारशे पावलांवर व्हॅन थांबायची जागा. शेवटची चारशे पावलं मुलं आपापली चालतील, पहिलीतली सातवीतल्यांचा हात धरून. याला सगळ्यांत आधी विरोध करतील ते दुकानदार नसतील आणि रिक्षावालेही नसतील. ज्यांची गाडी रोज फाटकाला टेकवून उभी असते, आणि जे पालकसभेत ‘मुलांना जरा स्वतंत्र करा हो’ म्हणून मला सांगतात, ते असतील. त्यांच्याशी भांडायची माझी तयारी आहे; फक्त त्या सभेला त्यांच्याच बाजूला बसलेल्या, मनातून हेच हवं असणाऱ्या पालकांनी तेव्हा हात वर करावा.